रविवारची लेकरं

‘मी येत नाहीये रे. सेल्सना खायला घालायचंय.’

रविवारी सकाळी साडेसहाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला माझा हा मेसेज कॉलेजच्या ग्रुपवर अजूनही मधूनच कुणीतरी उकरून काढतं. बाकी सगळी गँग सिंहगडाच्या पायथ्याशी, वर जाऊन पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही हाणायच्या तयारीत. आणि मी? पाठीला सॅक लावून कर्वेनगरच्या स्टॉपवर बसची वाट बघत! दोन मिनिटांत रिप्लाय आला, ‘अगं, बाळ झालं तुला? कळवलंससुद्धा नाहीस?’ झालं. त्या दिवसापासून ‘तुझी लेकरं काय म्हणतायत?’ हा आमच्या ग्रुपचा राष्ट्रीय प्रश्न झाला.

तर लेकरं म्हणजे पेशी. आमच्या लॅबमध्ये माणसाच्या पेशी प्लास्टिकच्या चपट्या, तळहातावर मावतील अशा डिशेसमध्ये वाढवतात. त्यांना ३७ डिग्री लागतं, म्हणजे आपल्या अंगाइतकंच. आजूबाजूच्या हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो. आणि दर दोन-तीन दिवसांनी ताजं मीडियम, म्हणजे त्यांचं जेवण... साखर, क्षार, व्हिटॅमिन्स, अमिनो आम्लं आणि वासराच्या रक्तातला सीरम. हे मीडियम छान लालसर गुलाबी दिसतं. पण पेशींची गर्दी झाली, त्यांनी टाकलेला कचरा साठला, की आम्ल वाढतं आणि रंग पिवळा पडायला लागतो. पिवळा दिसला की हातातलं सगळं टाकून धावायचं.

मी ज्यांच्यावर काम करते त्या पेशींचं नाव हीला. १९५१ साली अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये, हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून त्या काढल्या होत्या. तिला न विचारता. ती त्याच वर्षी गेली, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी. पेशी मात्र अजून जगभरातल्या लॅब्जमध्ये वाढतायत, साधारण दिवसाला दुप्पट. त्यांना रविवार कळत नाही. दिवाळी कळत नाही, मैत्रिणीची हळद कळत नाही. २०१८ मध्ये मी पीएचडीला लागले आणि हळूहळू मलाही कळेनासं झालं.

आमच्या ग्रुपमधले हिंजवडीवाले कामाचं रडगाणं गातात तेव्हा मी मनापासून ऐकते हं. क्लायंट, डेडलाइन, अप्रेझल, सगळं खरं. पण त्यांचं रिलीज कधीतरी होतंच ना! प्रोजेक्ट लाइव्ह जातो, टीम कुठेतरी जेवायला जाते, दोन दिवस तरी सगळे सैल होतात. आमच्याकडे काही संपतच नाही. एक प्रयोग जमला की त्यातनं तीन नवे प्रश्न. पेपर पाठवला की तो काही महिन्यांनी परत, सोबत रिव्ह्यूअरची पानभर यादी, हे पण करा, ते पण करा. आणि पीएचडी करणारा माणूस नक्की कोण, हे सोयीप्रमाणे ठरतं. कामाच्या तासांचा विषय निघाला की तो कर्मचारी. पगार, पीएफ, रजा यांचा विषय निघाला की तो विद्यार्थी. मी लागले तेव्हा जेआरएफची फेलोशिप २५ हजार होती. देशभरातल्या रिसर्च स्कॉलर्सनी आंदोलनं केली, तेव्हा कुठे २०१९ च्या जानेवारीपासून ती ३१ हजार झाली. २०२३ च्या जानेवारीपासून ३७ हजार, आणि सीनियरला ४२. हे झालं कागदावरचं. खात्यावर ती कधी दोन महिन्यांनी यायची, कधी चार महिन्यांची एकदम. मधल्या काळात घरमालकाशी गोड बोलायची एक वेगळी कला मला साध्य झाली होती!

पण पैसा एक वेळ निभतो. निभत नव्हती ती अपराधाची टोचणी. सिनेमाला बसले तरी डोक्यात ‘आत्ता लॅबमध्ये असायला हवं होतं.’ केस धुवायला पाणी तापवलं तरी ‘एवढ्या वेळात एक जेल लावून झालं असतं.’ रात्री पावणेबाराला सरांचा एका ओळीचा मेल यायचा, ‘काही अपडेट?’ सर वाईट अजिबात नाहीत, हे आधीच सांगते. ते स्वतः रात्री पावणेबाराला काम करत असायचे, एवढंच. मला मात्र वाटायचं, ते मला पकडायला टपलेत.

आई रोज रात्री फोन करायची. ‘जेवलीस का?’ ‘हो गं.’ हे ‘हो गं’ मी बहुतेक वेळा इन्क्युबेटरचं दार उघडून, डिशेस मोजता मोजता म्हटलेलं असायचं. एकदा बाबांनी फोन घेतला. बाबा एसटीत कंडक्टर होते, कराड डेपोला, आता रिटायर झालेत. त्यांनी सरळ त्यांच्या भाषेत विचारलं, ‘बाळा, तुझी ड्युटी सुटते किती वाजता?’

मला उत्तर देता आलं नाही. साधा प्रश्न होता. मी म्हटलं, ‘बाबा, आमच्यात तसं नसतं.’ ते म्हणाले, ‘मग वीकली ऑफ कधी?’ मी हसले आणि विषय बदलला.

२०२२ च्या मार्चमध्ये ते झालं. सहा महिने खपून मी हीलाचा एक खास वाण तयार केला होता, माझं प्रोटीन त्यात हिरवं चमकायचं. अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावला की आकाशकंदील लागल्यासारखं वाटायचं. मग आकडे विचित्र यायला लागले. पेशी मंदावल्या. शेवटी पीसीआर करून बघितलं, तर मायकोप्लाझ्मा. हा एक चिमुकला जीवाणू, मीडियम गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, बिनबोभाट सगळं पोखरत बसतो. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ डिग्रीला, मी बॅकअप ठेवला होता. तो काढून तपासला. त्यातही तोच! लागण जुनी होती, मी त्यातल्याच पेशी गोठवल्या होत्या. सगळ्या डिशेस ब्लीचमध्ये ओतल्या आणि कोल्ड रूममध्ये जाऊन बसले.

लॅबवाल्यांना सांगायला नको, रडायला कोल्ड रूमसारखी जागा नाही. चार डिग्री असतं, त्यामुळे कुणी फार वेळ आत थांबत नाही, आणि कॉम्प्रेसरच्या घरघरीत बाहेर काही ऐकू जात नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे मला नीट आठवत नाहीत. झोप तीन-चार तास. एका संध्याकाळी बसमध्ये अचानक श्वास पुरेना. छातीवर कुणीतरी गुडघा रोवलाय असं वाटलं, बोटांना मुंग्या, कानात शिट्टी. मला वाटलं, हार्ट अ‍ॅटॅक. एकोणतिसाव्या वर्षी! पुढच्या स्टॉपला उतरून रूममेटला फोन केला, तिने रिक्षात घालून कॅज्युअल्टीत नेलं. ईसीजी नॉर्मल. हिमोग्लोबिन ८.१. तिथला रेसिडेंट डॉक्टर माझ्याहून लहान असावा. डोळे सुजलेले, टेबलावर अर्धा पार्ले-जीचा पुडा. तो म्हणाला, ‘हा पॅनिक अ‍ॅटॅक वाटतोय. हार्टला काही नाही. शेवटचं गरम जेवण कधी जेवलात?’ मी आठवायला लागले. तो वाट बघून म्हणाला, ‘मलापण आठवत नाहीये,’ आणि पुडा माझ्याकडे सरकवला.

आता तुम्ही म्हणाल, अगं मग आधी कुणाला बोलायचंस ना! पण कसं असतं, मला खात्री होती की हे फक्त माझंच होतंय. बाकीचे सगळे हुशार, मी तेवढी चुकून आत शिरलेली, एक दिवस कुणीतरी येऊन ओळखपत्र मागून घेणार. या भावनेला चक्क नाव आहे, हे मला नंतर कळलं. पॉलिन क्लान्स आणि सुझान आयम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच ‘इम्पोस्टर फिनॉमिनन’ म्हणून त्यावर लिहून ठेवलंय, तेही नाव कमावलेल्या बायकांशी बोलून. आणि २०१८ मध्ये, म्हणजे मी प्रवेश घेतला त्याच वर्षी, ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त एक पाहणी छापून आली होती. २६ देशांतले २,२७९ जण, बहुतेक पीएचडी करणारे. त्यांतल्या ४१ टक्क्यांना मध्यम ते तीव्र अँग्झायटी, ३९ टक्क्यांना तसंच डिप्रेशन. सर्वसाधारण लोकांच्या सहापटीहून जास्त. सवयीप्रमाणे मी त्यात खुसपट काढलंच, की अशा पाहण्या भरतात कोण, ज्यांना त्रास होतो तेच. तरीसुद्धा! एवढी गर्दी असताना मी आपली एकटीच कोल्ड रूममध्ये कुडकुडत बसले होते.

सेल्फ-केअर मी करून बघितलं नव्हतं असं नाही. लॅव्हेंडरची मेणबत्ती आणली होती. ती लावून थीसिसचं चॅप्टर लिहायचे. मेडिटेशनचं अ‍ॅप घेतलं, ते रोज सकाळी ‘तुम्ही सलग तीन दिवस चुकवलेत’ असं सांगायचं, म्हणजे अपराधाच्या यादीत आणखी एक भर! आणि आमच्या संस्थेने एक तणावमुक्ती कार्यशाळा घेतली. शनिवारी, सकाळी आठला, उपस्थिती अनिवार्य.

समुपदेशक होत्या आमच्याकडे, आठवड्यातून एकदा यायच्या, पण त्यांची खोली अकाउंट्स सेक्शनच्या बरोबर समोर. फेलोशिपच्या फॉर्मवर सही घ्यायला तिथे सतत कुणी ना कुणी उभं असतं. चार आठवडे मी त्या कॉरिडॉरमध्ये नुसती जाऊन परत आले. शेवटी रूममेट दारापर्यंत सोडायला आली, शाळेत पहिल्या दिवशी सोडतात तशी.

मला वाटलं, आता बालपण विचारणार. त्यांनी विचारलं, ‘लॅब नोटबुक लिहितेस ना? तशीच महिनाभर स्वतःची लिही. झोप, जेवण, चहा, लॅबमध्ये शिरलीस कधी, निघालीस कधी. मत लिहू नकोस, फक्त नोंदी.’ नोंदी करणं मला जमतं. महिन्याअखेरीस बघितलं. झोप सरासरी पावणेपाच तास. चहा सहा. जेवण बहुतेक दिवस एकच. मग मी एक उद्योग केला, त्या नोंदी माझ्या खऱ्या लॅब नोटबुकशेजारी ठेवल्या. गेल्या महिन्यातल्या गडबडी शोधल्या... चुकीचं लेबल, विसरलेला एन्झाइम, सांडलेलं जेल. अकरा सापडल्या. त्यांतल्या नऊ रात्री आठनंतरच्या. एका माणसाचा एका महिन्याचा डेटा, यावर कुणी पेपर छापणार नाही. पण मला पटलं. रात्रभर जागून मी जे करत होते त्यातलं बरंचसं दुसऱ्या दिवशी परत करत होते.

आणि सगळ्यात मोठा बॉम्ब टाकला तो अकाउंट्समधल्या काकूंनी. ज्यांच्या नजरेला मी महिनाभर घाबरत होते, त्याच काकू. एकदा समुपदेशकांच्या खोलीतनं बाहेर पडले तर त्यांनी हाक मारली. मनात म्हटलं, आता चौकशा. काकू म्हणाल्या, ‘अगं, तुझी रजा एकही लागलेली दिसत नाही चार वर्षांत. घेत नाहीस का?’ मी म्हटलं, ‘काकू, आम्हाला कुठे रजा असते?’ त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, कपाटातनं फाइल काढली आणि फेलोशिपच्या नियमातल्या ओळीवर बोट ठेवलं. सार्वजनिक सुट्ट्यांव्यतिरिक्त वर्षाला ३० दिवस, गाईडच्या परवानगीने. तीस दिवस! चार वर्षांचे एकशे वीस! मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. शाळेपासून इतक्या परीक्षा दिल्या, प्रत्येकीचे नियम पाठ होते. हे एक पान मी कधी उघडलंच नव्हतं.

आठ दिवस कराडला गेले. पहिले दोन दिवस नुसती झोपले. बाबांनी कुणालाही माझ्या खोलीकडे फिरकू दिलं नाही. ‘तिचा ऑफ आहे,’ एवढंच सांगायचे.

परत आल्यावर प्रश्न तोच. रजा मिळेल हो, पण पेशी कोण सांभाळणार? आमच्या लॅबमध्ये पेशींवर काम करणारे चौघे. मी, दुसऱ्या वर्षाची नांदेडची ज्युनिअर, एक प्रोजेक्ट असिस्टंट आणि केरळचा पोस्टडॉक, ज्याला आम्ही सगळे चेट्टा म्हणतो. चौघंही दर रविवारी येत होतो, आपापल्या डिशेसपुरते, अर्ध्या तासाच्या कामासाठी जाण्या-येण्याचे दोन-दोन तास घालवत. मी व्हाइटबोर्डवर चार रविवार आखले. एका रविवारी एकाने यायचं, चौघांचं बघायचं. इतकं साधं! पण चेट्टाने मान हलवली. ‘माझ्या पेशींना दुसऱ्याचा हात नको.’ ज्युनिअरला वाटत होतं, सर काय म्हणतील. मलाही तीच भीती होती. सरांना सांगायला गेले तेव्हा तळहाताला घाम. त्यांनी ऐकून घेतलं. बराच वेळ खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘आमच्या वेळी असं काही नव्हतं.’ मग म्हणाले, ‘रिझल्ट्सवर परिणाम होता कामा नये.’ मी ते ‘हो’ समजून बाहेर पडले.

तर पहिला महिना उत्तम गेला, मी चक्क सिंहगड चढून आले, पोटऱ्या आठवडाभर बोलत होत्या. आणि दुसऱ्या महिन्यात व्हायचं ते झालं. रविवार ज्युनिअरचा होता. तिने सगळ्यांच्या डिशेसना मीडियम दिलं, मधेच घरून फोन आला, आणि माझ्या दोन डिशेस परत इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या राहिल्या. रात्रभर बाहेर. सोमवारी सकाळी बघितलं तर मीडियम जांभळट झालेलं. कार्बन डायऑक्साइड मिळाला नाही की ते पिवळ्याच्या उलट बाजूला जातं. काही पेशी जिवंत होत्या, पण प्रयोगाच्या कामाच्या राहिल्या नव्हत्या. दहा दिवसांचं काम गेलं. चेट्टा काही बोलला नाही, पण त्याने बोर्डाकडे बघितलं.

खोटं का बोलू, मला भयंकर राग आला. तिचा, बोर्डाचा, सिंहगडाचा. मनात पहिलं वाक्य हेच आलं, की पुढच्या रविवारपासून मी माझं मीच बघणार. डस्टर हातात घेतलासुद्धा. तेवढ्यात लक्षात आलं, ज्युनिअर कुठे दिसत नाहीये.

कुठे असणार? मी कोल्ड रूमचं दार ओढलं. खालच्या रॅकपाशी, बफरच्या बाटल्यांच्या मागे, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ‘ताई, मी पीएचडी सोडते. मला नाही जमत हे.’ मी तिच्या शेजारी बसले. माझ्या अंगात स्वेटर नव्हता, त्यामुळे समजूत घालायला जास्तीत जास्त पाच मिनिटं होती. मी तिला विचारलं, ‘काल झोपलीस किती?’ तिने तीन बोटं दाखवली. ‘आणि जेवलीस?’ त्यावर ती काहीच बोलली नाही. मी म्हटलं, ‘चल, मला थंडी वाजतेय.’ कॅन्टीनमध्ये गरम वरण-भात मिळत होता. तिने दोनदा घेतला. मग तिला समुपदेशकांच्या खोलीपर्यंत सोडून आले. त्या दिवशी त्या आलेल्या नव्हत्या, म्हणून संध्याकाळी टेली-मानसला फोन लावला, १४४१६. सरकारची फुकट, चोवीस तास चालणारी सेवा, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. पलीकडून मराठीत बोलणाऱ्या बाई निघाल्या आणि ज्युनिअर गच्चीवर जाऊन पाऊण तास बोलत होती. मी खाली डिशेस धुतल्या... म्हणजे धुतल्यासारखं केलं, त्या डिस्पोजेबल असतात!

बोर्ड तसाच राहिला. त्याच्या कोपऱ्यात चेट्टाने लाल मार्करने एक ओळ वाढवली, ‘इन्क्युबेटरचं दार बंद करण्याआधी डिशेस मोजा.’ आणि खाली पहिल्यांदाच स्वतःच्या डिशेसचा आकडा लिहिला. सहा.

पुढे २०२४ च्या डिसेंबरमध्ये माझा व्हायवा झाला. ठरल्यापेक्षा उशिरा, पण झाला. आई-बाबा पहिल्या रांगेत होते, बाबांना एक अक्षर कळलं नसेल, तरी ते प्रत्येक स्लाइडला मान डोलवत होते. आता मी त्याच लॅबमध्ये पोस्टडॉक आहे. सगळं सुरळीत आहे असं नाही. परीक्षकांच्या शेऱ्यांनी अजून झोप उडते, कधी कधी रात्री नऊलाही लॅबमध्ये असते, आणि हिमोग्लोबिनच्या गोळ्या विसरते. सरांचे मेलही येतात. फक्त रविवारी नाही, सोमवारी. सकाळी बरोबर आठ वाजून शून्य मिनिटांनी. शेड्यूल करून ठेवलेले असतात, हे मला कळतं. त्यांना मी तसं कधी बोलून दाखवलेलं नाही.

गेला रविवार माझा होता. ज्युनिअर, जी आता बरीच सीनियर झालीये, नांदेडला गेली होती, भावाच्या साखरपुड्याला. मी आरामात दहाला गेले. चौदा डिशेस. तिच्या चार सगळ्यात आधी घेतल्या, मीडियम थोडं पिवळट व्हायला लागलं होतं. बदललं. परत ठेवल्या, मोजल्या, दार लावलं. मग तिला मेसेज टाकला, ‘तुझी लेकरं जेवली.’

तिचा लगेच रिप्लाय आला. पंगतीतल्या पानाचा फोटो, त्यात जिलबी, आणि खाली, ‘मीपण. तू?’